बागेपेक्षा लांब भेट

भेटवस्तू कशी असावी, याबद्दल स्कोवहावन गावात दुमत नव्हतं. देणाऱ्याला परवडावी, घेणाऱ्याला आवडावी, आणि यातलं काहीच जमलं नाही तर दुकानदाराने परत घ्यावी. पहिल्या दोन गोष्टी देवाच्या हाती. तिसरीची मात्र डेन्मार्कात कायमची तजवीज आहे. दुकानातच वस्तूवर नखाएवढी बदलचिठ्ठी चिकटवतात. ती शाबूत असली की वस्तू परत न्यायची आणि तेवढ्याच किमतीचं हवं ते घेऊन यायचं. देणारा देतानाच म्हणतो, चिठ्ठी आहे हं, खुशाल बदल. घेणारा म्हणतो, छे, बदलतोय कसला. आणि सोमवारी दोघंही आपापल्या काखेत भलत्याच कुणीतरी दिलेल्या वस्तू घेऊन दुकानाच्या रांगेत भेटतात. त्यात कुणाला काही वाटत नाही.

हेल्गे डामगोरला साठाव्या वाढदिवसाला मिळालेल्या भेटीवरही अशी चिठ्ठी होती. फक्त भेट दहा मीटर लांब होती.

खरं म्हणजे हेल्गेला हवं होतं टोमॅटोसाठी छोटंसं काचघर. आपल्याला काय हवं ते त्या देशात मोठ्या माणसांनीही आधी सांगून ठेवायचं असतं, आणि हेल्गेने ते जानेवारीपासून भेटेल त्याला सांगून ठेवलं होतं. तेव्हा मार्चमधल्या त्या दुपारी केक खाऊन झाल्यावर मित्रमंडळींनी त्याला बागेत नेलं, डोळे मीट म्हणाले, तेव्हा तो काचेच्या किणकिणाटाची वाट बघत उभा राहिला. ऐकू आलं ते पाचसहा माणसांचं धापा टाकणं आणि कुंपणाच्या झुडपांचा कडकडाट. त्याने डोळे उघडले. समोर झेंड्याचा खांब होता, डेन्मार्कात वाढदिवसाला बागेत झेंडा चढवायला लागतो तसा. अख्ख्या झाडाचा, तासून गुळगुळीत केलेला, दुधासारखा पांढरा, टोकाला सोनेरी गोळा आणि गोळ्याला लाल फीत. सोनेरी टोक हेल्गेच्या नाकासमोर होतं. दुसरं टोक कुंपण भेदून शेजारच्या एलेगोरबाईंच्या वाफ्यात गेलं होतं आणि एलेगोरबाई हातात कॉफीचा कप घेऊन त्याच्याकडे बघत होत्या.

 हेल्गेला आपली बाग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाठ होती, ती या खांबापेक्षा आखूड होती. एवढी मोठी वस्तू एका माणसाला कुणी देऊ शकतं, याचंच त्याला इतकं नवल वाटलं की टोमॅटो आठवायला त्याला संध्याकाळ व्हावी लागली.

भेट द्यायची कल्पना वेर्नरची होती. वेर्नर म्हणजे बागेच्या दुसऱ्या बाजूच्या कुंपणापलीकडचा शेजारी. तीस वर्षांपूर्वी दोघांनी मिळून त्या कुंपणात माणूस जाईल एवढी वाट कापली होती आणि तेव्हापासून कुणी कुणाच्या पुढच्या दाराची घंटा वाजवली नव्हती. आता वेर्नरने घर विकलं होतं. त्याची बायको लिस्बेट हिचे गुडघे गेले होते, म्हणून खाडीच्या पलीकडे नव्या इमारतीत पाचव्या मजल्यावर त्यांनी घर घेतलं होतं आणि एक मे रोजी ते जाणार होते. या विषयावर दोन मित्रांचं सविस्तर बोलणं झालं होतं. वेर्नर म्हणाला होता, "लिफ्ट आहे." हेल्गे म्हणाला होता, "बरं आहे." त्यापुढे दोघांनीही तो विषय काढला नव्हता.

तर वाढदिवसाच्या दिवशी वेर्नरने छोटं भाषण केलं आणि रीतीप्रमाणे म्हणाला, चिठ्ठी आहे हं. ती खांबाच्या बुडाशी होती. आता हेल्गे हा स्वभावाने बेताचा माणूस. पण त्या दिवशी पोटात थोडी जास्त गेली होती आणि भारावून गेला होता. त्याने सगळ्यांसमोर वाकून ती चिठ्ठी नखाने सोडवली, वर धरली, "ही भेट जन्मात परत जाणार नाही," असं जाहीर केलं आणि चिठ्ठी वेर्नरच्या ठेवणीतल्या कोटाला, छातीवर, पदकासारखी चिकटवली. टाळ्या पडल्या. लिस्बेटने डोळे पुसले. अशा गोष्टी माणसाने दुसऱ्या दिवशीचा विचार करून कराव्यात, पण त्या दुसऱ्या दिवशीचा विचार करून कुणी करतच नाही.

दुसऱ्या दिवशी बिर्थेने, म्हणजे हेल्गेच्या बायकोने, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघत विचारलं, "आता याचं काय करायचं?"

सल्ल्यांना तोटा नव्हता. टपालवाला म्हणाला, आडवाच राहू दे, पाहुण्यांना बाकडं होईल. कोपऱ्यावरच्या दंतवैद्याने थोडा तासून घ्यायला सांगितलं, सवयीचा परिणाम. एलेगोरबाईंनी सल्ला दिला नाही. त्यांनी आपल्या हद्दीत आलेल्या भागावर भांडी पुसायची फडकी वाळत घातली. बाईंचं वय सत्त्याऐंशी, आणि डिसेंबरात त्यांना नवा चष्मा लागला होता. तेव्हापासून त्या नको ते बघू लागल्या होत्या, असं हेल्गेचं प्रामाणिक मत होतं. फेब्रुवारीत तो दाताला चांदी भरून घरी परतला तर बाईंनी त्याला रस्त्यातच सांगितलं होतं, तुझ्या शेडमागून एक लाल फुगा हळूहळू वर गेला, थांबला, अजून थोडा वर गेला, आणि मग आपणहून खाली आला. हेल्गेने अत्यंत अदबीने त्यांना चष्मा पुन्हा तपासून घ्यायला सुचवलं होतं. बाई ते विसरल्या नव्हत्या.

मग कुर्टचं पत्र आलं. कुर्ट हा हेल्गे आणि वेर्नरबरोबर थंडीत खाडीत डुंबणाऱ्या टोळक्यातला, खांबाच्या वर्गणीत त्याचाही वाटा होता, आणि वाफ्यातल्या टोकाला खांदाही त्यानेच दिला होता. पण कुर्ट वसाहतीच्या समितीचा अध्यक्षही होता. पत्रात लिहिलं होतं की ध्वजस्तंभाची उंची बागेच्या लांबीहून अधिक असू नये, कारण तो पडल्यास आपल्याच बागेत पडला पाहिजे. सबब ईस्टरच्या आत तो हलवावा. हेल्गे तडक त्याच्याकडे गेला. "अरे, तूच आणलास ना तो?" कुर्ट दुखावला. "आणला मित्र म्हणून," तो म्हणाला. "पत्र अध्यक्ष म्हणून पाठवलंय. मित्राला विचारशील तर मित्राला फार वाईट वाटलं." हेल्गे त्याच्याकडे बघतच राहिला. एका माणसात दोन माणसं इतक्या गुण्यागोविंदाने राहतात, हे बघून त्याचा रागच गेला.

म्हणजे खांब परत करणं आलं. आणि परत करायचा तर चिठ्ठी हवी. चिठ्ठी वेर्नरच्या कोटावर, कोट वेर्नरच्या कपाटात. हेल्गेने दुकानात फोन करून पाहिला. तिथल्या रिगमोर नावाच्या बाईने सांगितलं की चिठ्ठी असेल तर दहा मीटरचा काय, शंभर मीटरचा खांब परत घेऊ, आणि नसेल तर चमचाही घेणार नाही. लांब मालमोटार फक्त पोचवायला जाते, आणायला जात नाही. वस्तू गिऱ्हाइकाने स्वतः आणायची.

मंगळवारी सकाळी टोळकं नेहमीप्रमाणे बंदरावरच्या फळीवर जमलं. पाणी असं होतं की उतरल्यावर माणसाला स्वतःचं नाव आठवायला वेळ लागावा. अशा वेळी, अंगावर टॉवेल, पाय निळे, हेल्गेने विषय काढला. खांब बदलावा म्हणतोय, म्हणाला.

मग जे झालं ते त्या फळीवर आजवर झालं नव्हतं. टोव्हे ही निवृत्त परिचारिका, तिचं म्हणणं सरळ होतं: दिलेली वस्तू घेणाऱ्याची, त्याने बदलावी नाहीतर जाळावी. लुंड बंधू सहसा वर्षातून एकदा बोलत, ते दोघं एकदम बोलले. खांब ही भेट नसून विश्वास आहे आणि विश्वास दुकानात परत देत नाहीत. टोव्हे म्हणाली, मग त्यावर चिठ्ठी कशाला लावलीत? धाकटा लुंड म्हणाला, चिठ्ठी ही लावायची असते, वापरायची नसते. कुर्टने दोन मतं दिली, एक या बाजूने, एक त्या. आवाज चढले. टॉवेल घसरले, सावरले गेले. या सगळ्यात वेर्नरने टॉवेल बाजूला ठेवला. तो उठला, शिडीने पाण्यात उतरला आणि इतका वेळ उतरलेलाच राहिला की टोव्हे त्याच्या ओठांचा रंग बघायला काठावर गेली.

त्या संध्याकाळी डामगोरांच्या पुढच्या दाराची घंटा वाजली. तीस वर्षांत पहिल्यांदा वेर्नर त्या दारात उभा होता, हातात हँगरला लावलेला कोट, छातीवर चिठ्ठी.

"घे," तो म्हणाला. "बदलता येतं म्हणजे बदलता येतं."

"वेर्नर, अरे, आत तरी ये."

"नको. खांब न्यायला सहा माणसं लागतील. मी येईन. मागचं टोक मी धरीन." आणि तो कुंपणातल्या वाटेने न जाता रस्त्याने, वळसा घालून घरी गेला. हेल्गे कोट हातात धरून उभा राहिला. घंटा वाजवून आलेल्या मित्राचं काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. बिर्थेने कोट त्याच्या हातातून घेतला, चिठ्ठी वाफेवर धरून अलगद सोडवली आणि म्हणाली, "टोमॅटो मंडईतही मिळतात, हेल्गे." पण आता इतकं झाल्यावर मागे फिरणंही हेल्गेला जमेना.

शनिवारी खांब उठला. पुढे सोनेरी गोळ्याशी हेल्गे, मग टोव्हे, मग लुंड बंधू, मग कुर्ट, आणि सगळ्यात मागे वेर्नर. गंमत अशी की परत करायच्या विरुद्ध असलेल्यांनाही खांदा द्यावाच लागला, कारण निम्म्या माणसांनी निम्मा खांब उचलता येत नाही. एलेगोरबाईंनी आपली फडकी काढून घेतली, आणि एक लाल फडकं रस्त्याच्या नियमासाठी मागच्या टोकाला स्वतः बांधून दिलं.

भांडण मात्र खांबाबरोबर चाललंच. अडचण एवढीच की पुढच्याचं मागच्याला ऐकू जात नव्हतं, त्यामुळे प्रत्येक वाक्य खांद्याखांद्यावरून पाठवावं लागे. हेल्गेने वेर्नरचा खांदा दुखतोय का, असं विचारायला सांगितलं. ते टोव्हेकडून काळजीच्या सुरात निघालं, लुंडांकडे त्याचं कुरकुरणं झालं आणि कुर्टने ते वेर्नरला नोटीस बजावावी तसं बजावलं. उलट निरोप आला की माझ्या खांद्याची चिंता करू नये, आपल्या टोमॅटोची करावी. चालता चालता हेल्गेचे कान लाल झाले.

आणि मग गावाने त्यांना पाहिलं.

सहा पोक्त माणसं खांद्यावर पांढरा खांब घेऊन चालली आहेत, हे दृश्य त्या देशात एकाच गोष्टीचं असतं. कुणाचा तरी मोठा दिवस आहे, आणि मित्र त्याच्या दारी खांब उभारायला निघाले आहेत. खिडक्या उघडल्या. न्हाव्याच्या दुकानातून अर्धी दाढी केलेला माणूस बाहेर आला आणि त्याने फेस सांभाळत हात हलवला. मोटारी थांबल्या. बेकरीवाली गरम पावांची पिशवी घेऊन धावत आली आणि प्रत्येकाच्या तोंडात एकेक पाव कोंबून गेली, कारण हात कुणाचेच मोकळे नव्हते. हेल्गेने उभ्या आयुष्यात कधी आपल्याकडे लोकांचं लक्ष जाऊ दिलं नव्हतं. आज अख्खा रस्ता त्याच्याकडे बघून हसत होता, आणि हसण्यात काडीची कुचेष्टा नव्हती. तो चकित होऊन चालत राहिला.

चौकात एका बाईने विचारलं, "कुणाचा वाढदिवस?"

पाव चावत हेल्गे म्हणाला, "माझा." खरं सांगायचं तर आम्ही हा परत द्यायला चाललोय, हे वाक्य त्याच्या ओठांशी आलं होतं, पण समोर चाळीसेक माणसं जमली होती आणि त्यांनी गाणं सुरूही केलं होतं. गाणं संपलं, तीन छोटे हुर्रे झाले, मग एक लांबलचक झाला. खांब खाली ठेवता येत नव्हता, तेव्हा सहाही जण तो पेलून मान खाली घालून उभे राहिले. कुर्ट मागाहून म्हणाला की असा शरमिंदा तो मित्र म्हणूनही झाला नव्हता आणि अध्यक्ष म्हणूनही नाही.

धक्क्यावर पोचल्यावर टोव्हेने थांबायला लावलं. खांब त्यांनी कठड्यावर आडवा टेकवला. सोनेरी गोळा खाडीच्या पाण्यावर पुढे आला, आणि पलीकडे, गोळ्याच्या बरोबर रोखाने, ती नवी इमारत उभी होती. सगळे तिकडे बघू लागले. टोव्हे मात्र तोंडाची फटकळ. "एक सांग वेर्नर," ती म्हणाली. "वसाहतीचा नियम तुला पाठ. आठ मीटरचा खांब दुकानात होता, मी पाहिला होता. त्याच्या बागेत बसला असता. तू दहाचाच हट्ट का धरलास?"

वेर्नर लाल फडक्याची गाठ उगाच पुन्हा बांधू लागला. बराच वेळ बांधली.

"आठ मीटरला तो दिसत नाही," तो म्हणाला.

"कोण?"

"हेल्गे." वेर्नरने पलीकडे पाचव्या मजल्याकडे मान हलवली. "शाळेचं छप्पर मधे येतं. आम्ही करून पाहिलं. हा दंतवैद्याकडे गेला होता तेव्हा लिस्बेट शेडमागे उभी राहिली, सुतळीला मीटरमीटरवर गाठी मारून, टोकाला फुगा. मी तिकडे बाल्कनीत. आठला काही नाही. नऊला नुसतं डोकं. दहाला सबंध दिसतो."

 हेल्गेला आठवला लाल फुगा, हळूहळू वर जाणारा, थांबणारा, अजून थोडा वर जाणारा. आपण दंतवैद्याकडे आ वासून बसलो असताना गुडघे दुखणारी एक बाई आपल्या शेडमागे सुतळी धरून उभी होती, आणि खाडीपलीकडे एक माणूस आपण किती उंचीवर दिसतो ते मोजत होता. एवढं मोठं काही आपल्या वाट्याला आलं होतं, आणि आपण त्यात टोमॅटो शोधत होतो.

"मग बोलला का नाहीस?" त्याने विचारलं.

"काय बोलणार? लिफ्ट आहे म्हणालो होतो की."

हेल्गेने खिशातून चिठ्ठी काढली, थोडा वेळ अंगठ्यावर चिकटवून ठेवली. "बरं आहे," तो म्हणाला. त्याला एवढंच जमलं, पण वेर्नरने मान हलवली.

कुर्टने नाक शिंकरलं. मग घसा खाकरून म्हणाला की नियमात बागेची लांबी लिहिली आहे, पण ती सरळच मोजावी असं कुठेही म्हटलेलं नाही. कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी मोजली तर दहा भरून वर वीतभर उरते, आणि खांबाने पडायचंच ठरवलं तर त्याने तिरपं पडावं अशी समिती अपेक्षा करील. लुंड बंधूंनी या ठरावाला मूक अनुमोदन दिलं.

तरी ते लगेच परतू शकले नाहीत. दहा मीटरचा खांब धक्क्यावरच्या गल्लीत वळत नाही, आणि सोनेरी गोळा मागे ठेवून उलटं चालणं कुणालाच शोभेसं वाटेना. एकीकडे घरांच्या खिडक्या, दुसरीकडे पाणी. वळायला जागा गावात एकच होती, दुकानाचं मागचं पटांगण. तेव्हा वरात ठरल्या वाटेने तशीच पुढे गेली आणि दुकानाच्या फाटकातून आत शिरली. रिगमोर हातमोजे काढत बाहेर आली. "परत करायचाय ना? चिठ्ठी?"

"चिठ्ठी आहे," हेल्गे म्हणाला. "पण आम्ही फक्त वळायला आलोय."

रिगमोरने त्या सहा घामाघूम चेहऱ्यांकडे पाहिलं. तिने या दारात परत आलेली लग्नं पाहिली होती, पाळणे पाहिले होते, पण गावभर वाहून आणलेली वस्तू नुसती वळवून नेणारी माणसं तिला नवी होती. ती बाजूला झाली आणि मोठ्या अदबीने, हात हलवत, त्यांना पटांगणात गोल फिरवून बाहेर काढलं. परतीच्या वाटेवर लोकांनी पुन्हा हात हलवले. न्हाव्याकडच्या माणसाची आता दाढी पूर्ण झाली होती. पुढे हेल्गे राहिला नव्हता. वळताना तो गोळा सोडून मागे आला होता, आणि आता सगळ्यात शेवटी, वेर्नरच्या लगेच मागे चालत होता. मधल्यांनी जागा बदलून दिल्या होत्या आणि ते कुणीच बोलून दाखवलं नाही.

खांब उभा राहिला. त्यासाठी खड्डा खणताना पाण्याचा नळ फुटला, कुर्टच्या बुटावर सिमेंट पडलं, बिर्थेच्या सॉसेजांवर पाऊस पडला, पण तो सगळा उद्योग यथासांग पार पडला. उभा राहिल्यावर हेल्गेने मान मागे टाकून वर पाहिलं. गोळा ढगांत सरकतोय असं वाटत होतं. एवढं उंच आपल्या मालकीचं काही असेल, हे त्याला स्वप्नातही सुचलं नसतं. खांबाच्या बुंध्यावर त्याने बदलचिठ्ठी पुन्हा जागच्या जागी चिकटवली. भेटीवर चिठ्ठी असलेली बरी, म्हणाला. म्हणजे बदलता येत होती आणि बदलली नाही, हे दिसतं.

एक मेच्या सकाळी सामानाची गाडी आली आणि गेली. वेर्नर आणि लिस्बेट कुंपणातल्या वाटेने आले, कॉफी प्यायले, त्याच वाटेने गेले. दुपारी हेल्गे झेंडा घेऊन बाहेर आला. झेंडा जमिनीला टेकू द्यायचा नसतो, म्हणून एलेगोरबाईंनी दोन्ही हातांवर धरला होता. दोर बांधताना त्याच्या बोटांना काही नीट सुचत नव्हतं. बाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"आज कुणाचा वाढदिवस नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुझं तोंड असं. झेंडा अर्ध्यावर लाव, हेल्गे. दुःख असलं की अर्ध्यावर लावतात."

"अर्ध्यावर चालणार नाही, बाई," हेल्गे म्हणाला. "अर्ध्यावर मी दिसत नाही."

त्याने दोर ओढला. लाल कापड वर गेलं, शाळेच्या छपराच्या उंचीला आलं, त्याच्या वर गेलं आणि गोळ्याशी जाऊन वाऱ्यावर फडफडलं. हेल्गे खाडीपलीकडे बघत उभा राहिला, पण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याला नुसता उजेड दिसत होता.

एलेगोरबाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला. "शाळेच्या छपरापलीकडून, त्या पाचव्या मजल्याच्या रोखाने," त्या सावकाश म्हणाल्या, "लाल फुगा वर चाललाय. आता थांबला. अजून थोडा वर गेला." मग त्यांनी हेल्गेकडे पाहिलं. "माझा चष्मा ठीक आहे, हेल्गे. तुझे डोळे तपासून घे."